मदत हवी आहे: वाचताना ओळी हलतात, रंगीत लेन्स कोणत्या घ्याव्यात?

अर्धविराम
घाईत आहे, थेट विचारते. वाचायला बसलं की दहा मिनिटांत ओळी वळवळायला लागतात, मधली पांढरी जागा पानभर ओघळल्यासारखी दिसते, मग डोकं दुखतं. नजर सहा बाय सहा आहे. रंगीत पारदर्शक कागद पानावर ठेवून बघितले, गुलाबीने बरं वाटलं. आता रंगीत लेन्स करायच्यात. गुलाबीच घेऊ की आणखी गडद? परीक्षा २३ दिवसांवर आलीये. 'डॉक्टरांना दाखवा' सांगू नका, दाखवून झालंय.

शेवंती०७
मी तीन वर्षं रंगीत लेन्स वापरतेय. झोपताना काढायच्याच, नळाचं पाणी लावायचं नाही, मैत्रिणीच्या घालून बघायच्या नाहीत. गुलाबी डोळे फार विचित्र दिसतील हो. मधासारखा रंग बघा.

अर्धविराम
चष्म्याच्या काचा म्हणायचंय मला!

फळा_खडू
मुलाचं वय किती? कितवीत आहे? लक्षणं सरळसरळ मिअर्स-अर्लेनची आहेत, म्हणजे वाचताना ओळी हलणं, डोकं दुखणं आणि रंगाने ते कमी होणं. न्यूझीलंडमधल्या ऑलिव्ह मिअर्स आणि अमेरिकेतल्या हेलन अर्लेन, दोघींनी १९८०च्या आसपास हे स्वतंत्रपणे मांडलं. डिस्लेक्सिया असणारच. माझ्या वर्गात तिघांना पिवळा कागद दिला, महिन्याभरात वाचन सुधारलं. तुम्हीही पिवळाच द्या.

शंकासुर
आणि त्या महिन्यात तिघांना रोज शेजारी बसवून वाचूनही घेतलंत ना? मग श्रेय कागदाला कसं? अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ साली संयुक्त निवेदनात सांगितलंय की वाचनाच्या अडचणींवर रंगीत भिंगांना पुरेसा वैज्ञानिक आधार नाही. डिस्लेक्सियाचं मूळ अक्षर आणि ध्वनी यांच्या सांध्यात असतं. त्याला रंग काय करणार?

फळा_खडू
निवेदनं वाचून मुलं शिकत नाहीत. आणि यावर संशोधन करणारे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ अरनॉल्ड विल्किन्स यांचं म्हणणं वेगळं आहे. छापील ओळी म्हणजे काळ्यापांढऱ्या पट्ट्याच. काहींच्या मेंदूचा दृष्टीचा भाग अशा पट्ट्यांनी जास्तच उत्तेजित होतो, अर्धशिशीवाल्यांचा तर विशेष. हा डिस्लेक्सिया नव्हे, दृष्टीचा ताण.

शंकासुर
मघाशी डिस्लेक्सिया 'असणारच' होता.

स्क्रीनयोगी
निळा प्रकाश अडवणारी काच घ्या, सगळे प्रश्न मिटतील. मी घेतली, डोळे शांत.

शंकासुर
वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२३चा आढावा वाचा. निदान अल्पकाळात तरी या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं दिसलेलं नाही. शिवाय त्या छापील पानाबद्दल विचारतायत.

अर्धविराम
मुलगा कुठून आला मध्येच? वाचणारी मी आहे. वय ४२. शाळाकॉलेजात कधीच त्रास नव्हता, पुस्तकांचा फडशा पाडायचे. हे गेल्या सात-आठ महिन्यांतलं. आता कोणी रंग सांगेल का?

भिंगरी
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मी डोळे तपासण्याचंच काम करते. सहा बाय सहा म्हणजे लांबचा तक्ता वाचलात. जवळचं कोणी तपासलं का? वाचनाच्या अंतरावर, दोन्ही डोळे उघडे ठेवून? बेचाळिशी हे जवळच्या नंबराचं वय. डोळ्याच्या भिंगाची लवचीकता कमी होते, माणूस ताणून वाचत राहतो आणि दहा-पंधरा मिनिटांत अक्षरं विरघळतात. दुसरी शक्यता, दोन्ही डोळे आत वळवून एका बिंदूवर धरून ठेवणं जमत नसेल. अर्धशिशी आहे का? गोळ्या कुठल्या? त्रास सुरू झाल्यावर एक डोळा हाताने झाकून बघा.

अर्धविराम
अर्धशिशी नाही. गोळ्या नाहीत. जवळचं... चाळीस सेंटिमीटरवर वगैरे काही वाचायला दिल्याचं आठवत नाही. तक्ता लांबच होता. एक डोळा झाकून बघते.

फळा_खडू
पण गुलाबीने बरं वाटलं ना? मग अनुभव खोटा कसा?

भिंगरी
खोटा नाही, पण कागदाने चकाकी आणि काळ्यापांढऱ्यातला फरक कमी होतो, तेवढ्यानेही बरं वाटतं. करड्या कागदानेही वाटतं का ते बघा. घरी करण्यासारखं: पंधरा सोपे शब्द घ्या, प्रत्येक ओळीत तेच, क्रम उलटसुलट, म्हणजे अर्थावरून अंदाज लागणार नाही. विल्किन्स यांची चाचणी अशीच आहे. एक मिनिट मोठ्याने वाचा, बरोबर शब्द मोजा. कागदासह, कागदाविना, पुन्हा कागदाविना, पुन्हा कागदासह. सरावाचा फायदा एकाच बाजूला जायला नको.
आणखी एक. रंगवादी मंडळीही मान्य करतात की पानावर चालणारा रंग चष्म्यात चालेलच असं नाही. कागदाने फक्त पान रंगतं, काचेने सगळं जग. त्यासाठी रंगछटा, गडदपणा आणि उजेड वेगवेगळा बदलता येणारं कलरीमीटर नावाचं यंत्र असतं. तेव्हा गुलाबी काच आत्ता करूच नका. गडद काच लावून रात्री गाडी तर मुळीच चालवू नका.

शंकासुर
+१. मात्र ते यंत्र वापरूनही पुरावा कच्चाच. २०१६च्या एका पद्धतशीर आढाव्यात अभ्यासांचा दर्जा तपासला, रंगाने वाचन सुधारतं याला विश्वासार्ह आधार मिळाला नाही.

फळा_खडू
त्याच वर्षी दुसरा आढावाही निघाला, त्याचा सूर इतका नकारात्मक नव्हता. तो सोयीने विसरलात?

शंकासुर
तो लिहिणारे कोणत्या बाजूचे, तेही सांगा मग.

(यानंतर दोघांचे सात प्रतिसाद आणि एक 'व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा' संपादकांनी उडवले आहेत.)

तळटीप
अवांतर: मी जाड ठशाचं पुस्तक आणि ओळीखाली पट्टी, एवढ्यावर दोन परीक्षा काढल्या. पट्टी लाकडी.

अर्धविराम
केलं सगळं. गुलाबी कागद: ११४, ११९. कागदाविना: ११६, ११७. करड्यानेही गुलाबीइतकंच बरं वाटलं, आकडे तसेच. आणि एक डोळा झाकला की ओळी जागच्या जागी! दुसरा झाकला तरी तेच. पेन नाकाकडे आणलं तर वीतभर अंतरावरच दोन दिसतात.

भिंगरी
वीतभर म्हणजे लांबच झालं, साधारण दहा सेंटिमीटरपर्यंत तरी एक दिसायला हवं. हे निदान नव्हे, पण जवळची नजर आणि दोन्ही डोळ्यांचं एकत्र काम, दोन्ही तपासून घ्या, आणि हेच शब्द वापरून सांगा. तोवर वीस मिनिटं वाचन, मग नजर लांब.

अर्धविराम
सोमवारची वेळ घेतलीये. 'दाखवून झालंय' मागे घेते. गुलाबी कागद तोवर ठेवतेय, खूण म्हणून बरा आहे.

शेवंती०७
तुमच्या डोळ्यांचा मूळ रंग सांगितलात तर मधाचा शोभेल की नाही सांगता येईल.