सूर तेच, राग वेगळा

'वादी-संवादी हे फक्त परीक्षेपुरते शब्द आहेत का?' असं एकानं विचारलंय. अजिबात नाही. वादी म्हणजे रागातला सर्वांत महत्त्वाचा सूर, संवादी त्याच्या खालोखालचा. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हींत सूर तेच पाच: सा रे ग प ध. पण भूपात वादी गंधार (ग), संवादी धैवत (ध). देशकारात नेमकं उलट. पेटीवर भूप वाजवताना मी धैवतावर जरा जास्त रेंगाळलो की आमच्या बाई मांडीवर थाप मारून म्हणायच्या, "अरे, संध्याकाळ झालीय, सकाळ नाही!" (देशकार सकाळचा ना!) देशकारात रिषभही (रे) दुबळा, येताजाता नुसता स्पर्श. हां, 'वादी म्हणजे सर्वांत जास्त वेळा येणारा सूर' ही व्याख्या मात्र मला पुरती पटत नाही. सूर मोजत बसण्यापेक्षा गाणारा कुठे विसावतो ते ऐका.