सहा चाकीला मागे ९.०० टायर चालतील का? वजनाचा हिशेब कसा करायचा?

कांदागाडी_निफाड:
नमस्कार मंडळी. माझी सहा चाकी २०१४ ची आहे, आरसीवर एकूण वजन १६२०० किलो. पिंपळगाव-लासलगावचा कांदा भरून वाशीला जाते, परतीला मिळेल ते भाडं. मागची डावी जोडी पार गोटा झाली आहे, उजवी अजून बरी आहे. सध्या सगळीकडे १०.०० आर २० (रुंदी १० इंच, रिम २० इंच), १६ पीआर (प्लाय रेटिंग) आहेत. टायरच्या कडेला १४६/१४३ के असं लिहिलंय.

दुकानदार म्हणतो, ९.०० आर २० ची थोडी वापरलेली जोडी आहे, अर्ध्या किमतीत बसवून देतो. मी हिशेब केला तो असा: माल दहा टन, टायर सहा, म्हणजे एका टायरवर पावणेदोन टनसुद्धा येत नाहीत. मग ९.०० का चालू नयेत? उन्हाळी कांद्याचा हंगाम चालू आहे, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. लवकर सांगा.

घाटरस्ता:
पीआर बघा भाऊ. १६ पीआर म्हणजे १६ थर. तेवढे थर असले की कोणताही टायर वजन घेतो.

टायरवाला_सिन्नर:
दादा, ती जोडी घेऊ नका. का ते सांगतो.

रस्त्यावर नुसता माल नसतो, गाडीही असते. म्हणून हिशेब १६२०० चा करायचा. आणि त्याला सहाने भागायचं नाही, कारण वजन पुढे-मागे सारखं पडत नाही. तुमच्या पासिंगमध्ये, म्हणजे आरटीओने मंजूर केलेल्या वजनात, पुढच्या अ‍ॅक्सलला ६००० आणि मागच्या अ‍ॅक्सलला १०२०० किलो धरलेले आहेत. दोन्हींचा हिशेब वेगळा.

आता टायरवरचे आकडे. १४६ म्हणजे टायर एकटा असताना ३००० किलो. १४३ म्हणजे तोच टायर जोडीत असताना २७२५ किलो. जोडीत आकडा कमी धरतात, कारण दोन टायर कधीच अगदी सारखं वजन घेत नाहीत. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, एकाची झीज जास्त झालेली असते, आतल्याची हवा बघायला कोणी वाकत नाही. मागे चार टायर, चार गुणिले २७२५ म्हणजे १०९००. लागतात १०२००. ठीक आहे.

९.०० आर २० मध्ये १४० / १३७ हे आकडे सर्रास दिसतात. १३७ म्हणजे २३०० किलो. चार गुणिले २३००, ९२००. हजार किलो कमी पडले, तेही टायर चांगले आणि हवा पूर्ण धरून. तुम्ही तर एकाच बाजूला ९.०० घालणार. ९.०० ची उंची १०.०० पेक्षा तीन-साडेतीन सेंटीमीटरने कमी असते. डावीकडची चाकं लहान, उजवीकडची मोठी, म्हणजे सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर) वाशीपर्यंत फिरत राहणार. टायरमध्ये वाचवलेले पैसे गिअर-बेअरिंगला जातील.

घाटरस्ता भाऊ, १६ पीआर म्हणजे १६ थर नव्हेत. पूर्वी सुती धाग्याचे टायर होते तेव्हा थर मोजायचे, तेव्हापासून ते माप चालत आलंय. आजच्या ट्रकच्या पोलादी रेडियलच्या अंगात तारांचा एकच थर असतो. पीआर ताकदीचा अंदाज देतो, पण किलो बघायचे तर १४६/१४३ हेच आकडे बघा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. तुम्ही मागच्या टायरांचं विचारलंत, पण शिल्लक पुढे नाही. पुढे दोन गुणिले ३००० म्हणजे बरोबर ६०००. एका किलोचीही सूट नाही. गोण्या केबिनला चिकटवून भरल्या की पुढचा अ‍ॅक्सल सहज सहा टनांवर जातो, एकूण वजन पासिंगमध्ये असलं तरी. त्यात कसारा उतरताना ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे येतं. मागच्या जोडीतला एक फुटला तर दुसरा गाडी थोडा वेळ सावरतो. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. एकदा भरलेली गाडी काट्यावर न्या, फक्त पुढची चाकं चढवा आणि पावती घ्या. मग मागची. बहुतेक गाडीवाल्यांना एकूण वजन तोंडपाठ असतं, पुढच्या चाकांवर किती पडतं हे विचारलं की उत्तर येत नाही.

आणि हवा. ३००० हा आकडा थंड टायरात १२० पौंड हवा असतानाचा आहे. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असं सांगणारे खूप भेटतात. ऐकू नका. हवा कमी झाली की टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो, आणि फुटतो तो तापून. चालून गरम झालेल्या टायरातली हवाही सोडायची नाही.

नवी जोडी १०.०० चीच घ्या, आयएसआय खूण बघून, ट्यूब आणि फ्लॅपसकट (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी). उजवे टायर अर्धे झिजले असतील तर नवे दोन एका बाजूला आणि जुने दोन दुसऱ्या बाजूला ठेवा. एका जोडीत नवा-जुना नको.

कांदागाडी_निफाड:
काका, मनापासून आभार. ९.०० चा विषय संपला. पण दुकानात १०.०० मध्येच १८ पीआर पण आहेत, त्यावर १४९/१४६ आहे. थोडे महाग आहेत. ते घातले तर टन-दीड टन जास्त भरता येईल का?

टायरवाला_सिन्नर:
घ्या, पण जास्त भरायला नव्हे. १४९ म्हणजे ३२५०, १४६ म्हणजे ३०००. पुढे ६५०० झाले, मागे १२०००. पुढे जी सूट नव्हती ती मिळाली, म्हणून माझं मत असं की पैसे थोडेच असतील तर १८ पीआर आधी पुढे घाला आणि पुढचे बरे असलेले मागच्या डाव्या जोडीत घ्या. १८ पीआरला हवाही जास्त लागते, टायरवर लिहिलेली असते. तेवढी हवा रिमला चालते का ते बघून घ्या.

पाटे (स्प्रिंग), ब्रेक, अ‍ॅक्सल मात्र तेच आहेत. आरसीवर १६२०० म्हणजे १६२००. जास्त सापडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. कांदा रस्त्याकडेला उतरवून काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

द्राक्षबाग_दिंडोरी:
काका, माझ्या भावाने नवी सहा चाकी घेतली आहे, १८५०० पासिंग. त्याच्याकडे जुन्या गाडीचे १०.०० आर २० १६ पीआर पडून आहेत. स्टेपनीला तरी ठेवावेत का?

टायरवाला_सिन्नर:
ताई, नको. जुलै २०१८ मध्ये केंद्राने अ‍ॅक्सलची मर्यादा वाढवली, तेव्हापासून अशा गाडीला पुढे ७००० आणि मागे ११५०० झाले. पुढे टायरमागे ३५०० लागतात, १६ पीआर देतो ३०००. मागे २८७५ लागतात, तो देतो २७२५. दोन्हीकडे कमी. १८ पीआर मागे चालेल, पुढे तोही कमीच पडेल. पुढे १५२ हवा, म्हणजे ३५५० किलो. स्टेपनी अडचणीत पुढेही लावावी लागते, तेव्हा गाडीबरोबर आलेल्या मापाचाच टायर ठेवायला सांगा. जुने टायर १६२०० वाल्या गाडीला उपयोगी पडतील, पण आधी त्यांच्यावरची चार आकडी तारीख वाचा. ३५१५ असेल तर २०१५ चा पस्तिसावा आठवडा. इतका जुना टायर नक्षी चांगली दिसत असली तरी भरलेल्या गाडीला लावू नये.