'मोळी उचलून दे, मग घरी येऊन आंघोळ कर': मुलांना हे वाचून दाखवावं का?

अबोली
लेकाला (वय ९) रोज रात्री 'श्यामची आई' वाचून दाखवते. काल 'सारी प्रभूची लेकरे' आलं. महार समाजातल्या एका म्हातारीची लाकडांची मोळी पडते, कुणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. लहानपणी इथे माझा गळा दाटून यायचा, कालही आला. लेकानं विचारलं, "आंघोळ कशाला? मोळीला माती लागली होती?" मी "हो" म्हणाले आणि दिवा मालवला. तेव्हापासून जिवाला चुटपुट लागली आहे. ही पुस्तकं या वयात द्यावीत का?

फळाखडू
जरूर द्या, आणि ते आंघोळीचं वाक्य गाळू नका. ३० वर्षं मराठी शिकवलं, त्या वाक्यापाशी वर्ग नेहमी थबकायचा. साने गुरुजींनी हे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. श्यामची आई तिच्या काळात जितकं पुढे जाऊ शकत होती तितकी गेली. तिचा लेक, म्हणजे स्वतः गुरुजी, त्याहून पुढे गेला. विठ्ठल मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून याच गुरुजींनी १९४७च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केलं. मुलाला ही दुसरी गोष्टही सांगा.

पागोळी
मला नाही पटत. नऊ वर्षांच्या मुलाला जात म्हणजे काय हेच माहीत नसतं. आपणच ते विष का कालवायचं? खेळू द्या सगळ्यांबरोबर. मोठा झाला की वाचेल.

निळी शाई
पागोळीताई, तुमच्या मुलाला माहीत नसेल. माझ्या मुलीला पहिलीतच कळलं. मधल्या सुट्टीत मैत्रिणीनं तिच्या डब्यातली पोळी तोंडापर्यंत नेली आणि परत ठेवली. "आई म्हणाली, तुझ्या डब्यातलं खायचं नाही." मुलीनं घरी येऊन डबा स्वतः घासला, दोनदा. तिला वाटलं, डब्याला वास येतो. ती सहा वर्षांची होती. त्या दुसऱ्या मुलीला घरात कुणी काहीतरी सांगितलंच होतं ना? मग पुस्तकानं सांगितलं तर काय बिघडतं?

सर, तुमच्याशीही थोडं भांडण आहे. ही गोष्ट श्यामच्या चांगुलपणाची आहे, म्हातारीची नाही. माझी मुलगी ती ऐकते तेव्हा ती श्याम होत नाही, मोळीपाशी उभी राहते. फक्त दयेच्या गोष्टी वाचून आमच्या मुलांनी उपकार मानायला शिकायचं का? फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं लहान वयात मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, 'ज्ञानोदया'त १८५५ साली छापून आला. तिथे बोलणारी मुलगी स्वतःच आहे आणि ती सरळ जाब विचारते. आणि बाबासाहेबांनी लिहिलेली १९०१ची आठवण द्या. तेव्हा तेही नऊ वर्षांचे होते. नवे कपडे घालून भाऊ-भाच्यांबरोबर आगगाडीनं वडिलांना भेटायला निघालेले. मसूर स्टेशनात मास्तरनं जात विचारली आणि त्याचा चेहराच बदलला. बैलगाडीवाले घेऊन जाईनात. शेवटी दुप्पट भाडं देऊन गाडी पोरांनीच हाकली, गाडीवाला बाजूनं चालत. जवळ डबा भरून खायला होतं, पण प्यायला पाणी मिळेना.

फळाखडू
मान्य. वर्गात मोळीपाशी कोणकोण उभं आहे, हा विचार मी तेव्हा केला नव्हता. आज त्याचं वाईट वाटतं. तरी श्यामला काढू नका. ज्यांच्या घरी अजून वेगळा कप ठेवतात, त्या मुलांना आरसा तिथेच दिसतो.

पागोळी
डब्याचं वाचून गलबललं. तरी इतक्या लहानपणी मूल घाबरेल, ही भीती माझ्या मनातून जात नाही.

अबोली
काल रात्री लेकाला खरं सांगितलं. माती नव्हती, त्या बाईला शिवलं म्हणून आंघोळ. तो घाबरला नाही, चिडला. मग मसूरची गोष्ट सांगितली. गाडी स्वतः हाकली इथपर्यंत मजेत ऐकत होता. पाण्याचं आलं तेव्हा उठून बसला. "रात्रभर? एकानंही नाही दिलं?" म्हटलं, नाही. उशाशी त्याची पाण्याची बाटली असते, ती हातात घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिला.