काळ्या शाईच्या चित्रात असं काय असतं?

रेघोट्या: परवा गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा यांचं जुनं पुस्तक चाळत होतो, गोव्यातला बाजार, माणसं, कुत्री, नुसत्या काळ्या रेषा, तरी अर्धा तास एकाच पानावर अडकलो. रंगीत चित्रात असं होत नाही माझं. का बरं?

बोरू: रंग नसला की डोळा रेषेमागे फिरतो म्हणून. आणि करडा रंग नसतोच मुळात, बारीक रेषा जवळजवळ मारल्या, त्यावर आडव्या मारल्या की सावली आपल्यालाच दिसते. मारिओंच्या भिंती, कौलं जवळून बघ, नुसती जाळी आहे.

शाईचा_डाग: मला तर भीतीच आवडते त्यातली 😀 खोडरबर नाही. काल तीन तास खपून वाड्याचा दरवाजा काढला आणि शेवटच्या कडीवर हात टेकला, ओली शाई फर्रर्र. मग तिथे मांजर बसवली.

बोरू: हाहा, मांजर बेस्ट. उजव्या हाताने काढत असशील तर डावीकडून सुरुवात कर, हाताखाली कोरा कागद ठेव. आणि इंडियन इंक, म्हणजे चित्रांची ती काळी शाई, फाउंटन पेनात भरू नकोस हां, त्यात लाख असते, सुकली की पेन गेलं. टाक घे साधा, शाईत बुडवून चालवायचा.

रेघोट्या: टाक मिळतो कुठे आता?

शाईचा_डाग: चित्रकलेच्या दुकानात, निबं सुटी मिळतात. नवी निब आधी पुसून घे, तेल असतं वर.