हेगेल-कांट आज कशाला वाचायचे?

निळीशाई
गेले आठ महिने जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचं १८०७ चं 'फेनोमेनॉलॉजी' हे पुस्तक वाचतेय, दिवसाला दोन पानं, कधी कधी एकच. घरी सगळे विचारतात की दोनशे वर्षांपूर्वीचं हे जर्मन प्रकरण आत्ता कशाला. माझ्यापुरतं उत्तर मालक आणि दासाच्या भागात आहे. दोघं समोरासमोर येतात, प्रत्येकाला वाटतं समोरच्याने आपल्याला मानावं, त्यावरून जिवावरची झुंज होते आणि जो मरणाला भितो तो दास होतो. खरी मेख पुढे आहे, मालकाला मान मिळतो तो अशा माणसाकडून ज्याला तो स्वतःच माणूस समजत नाही, मग त्या मानाला किंमत काय राहिली? आणि दास मात्र राबता राबता, वस्तूला आकार देता देता स्वतःला ओळखायला लागतो. म्हणजे 'मी' एकट्याने घडतच नाही. आज आपण जात, लिंग, वंश याबद्दल बोलताना जी प्रतिष्ठेची भाषा वापरतो ती समजून घ्यायला याच्याइतकं खोल काही मला सापडलं नाही. अ‍ॅक्सेल होनेथ या जर्मन तत्त्वज्ञाने तर १९९२ साली मान्यतेच्या या कल्पनेवर अख्खं पुस्तक उभं केलं.

पाटीपेन्सिल
ताई, नाही पटलं. मी फिजिक्स शिकवतो त्यामुळे हेगेलच्या आधीच्या कांट या जर्मन तत्त्वज्ञापासून सुरू करतो कारण हेगेलची सगळी इमारत त्याच्यावर आहे. १७८१ मध्ये तो म्हणाला अवकाश ही आपल्या मनाची चौकट आणि युक्लिडची भूमिती अनुभवाशिवायच खरी. १९१५ ला आइन्स्टाइनने दाखवलं की वस्तुमानामुळे अवकाश-काळच वक्र होतो, १९१९ च्या ग्रहणात ताऱ्यांचे फोटो काढून त्याचा पडताळाही घेतला गेला. संपलं की! मूर आणि रसेल हे ब्रिटिश तत्त्वज्ञ तरुणपणी याच कांट-हेगेलच्या पंथातले होते, तेही बाहेर पडले, ते काय न वाचताच?

निळीशाई
युक्लिडचं मान्य, तिथे कांट चुकला. पण म्हणून प्रश्न संपला नाही ना सर. १९२० मध्ये रायशेनबाख या विज्ञानाच्या तत्त्वज्ञाने आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरच लिहिताना म्हटलं की कांटच्या 'अनुभवाआधीचं' या कल्पनेत दोन अर्थ आहेत, एक म्हणजे कायमचं खरं, ते सोडा, दुसरा म्हणजे ज्या तत्त्वांशिवाय मोजमापाला अर्थच येत नाही, ते ठेवा. तुम्ही ग्रहणाचे फोटो मोजता तेव्हा काय मोजतोय हे आधी ठरलेलं असतं, ते फोटोतून येत नाही.

पाटीपेन्सिल
हे वाचलं नव्हतं. चौकटी बदलतात असं म्हणत असाल तर माझा विरोध बराच कमी होतो, पण मग तो कांट किती उरला?

उंबरठा
माझा आक्षेप वेगळाय. बर्लिनच्या व्याख्यानांत याच हेगेलने आफ्रिकेला इतिहासाबाहेर काढलं आणि भारताला स्वप्नात हरवलेला देश म्हटलं, पाऊल न ठेवता. बरं ते सोडा. तुमची मालक-दासाची गोष्ट जातीला लागूच होत नाही. तिथे आधी झुंज होते, इथे झुंज कधी झाली? निकाल जन्माआधीच लागलेला. तिथे मालकाला दासाकडून मान हवा असतो, इथे सावलीसुद्धा नको होती. आणि तिथे दोघंच, इथे उतरंड, प्रत्येकाच्या खाली कोणीतरी आहेच.

निळीशाई
हा मुद्दा लागला मला, दोन दिवस उत्तर सुचलं नाही. गोष्ट जशीच्या तशी बसत नाही हे कबूल. पण १९२७ ला महाडला बाबासाहेब म्हणाले होते की चवदार तळ्याचं पाणी प्यायलो नाही म्हणून काही मरणार नाही, आपणही इतरांसारखी माणसं आहोत हे दाखवायला आलोय. ही मान्यतेचीच मागणी ना? कोलंबिया विद्यापीठात त्यांना शिकवणारे अमेरिकन तत्त्वज्ञ ड्यूई सुरुवातीला हेगेलवादीच होते.

उंबरठा
ड्यूईंचं खरंय, पण हा धागा ओढून हेगेलपर्यंत नेऊ नका. १९५४ च्या रेडिओवरच्या भाषणात बाबासाहेबांनी स्वतः सांगितलंय की स्वातंत्र्य, समता, बंधुता आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नाही, बुद्धाकडून घेतली. मान्यतेची मागणी होती, शंभर टक्के होती, ती हेगेलशिवाय झाली एवढंच म्हणतोय.

निळीशाई
मग मी उलट बाजूने वाचते. महाड समोर ठेवून हेगेलचं ते प्रकरण परत पहिल्यापासून, तो कुठे कुठे कमी पडतो ते टिपत. पुढच्या महिन्यात इथेच लिहीन.