प्रति: रॅखमॅनिनॉफच्या सोनाटात चेलो कुठंय?
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉफच्या, चेलो (व्हायोलिनच्या घराण्यातलं मोठं, खर्जाचं वाद्य) आणि पियानोसाठीच्या जी मायनर सोनाटात (अनेक भागांची वाद्यरचना, १९०१) पियानो चेलोला खाऊन टाकतो. अर्धंच पटलं. पियानोचा पार्ट अवाढव्य आहे हे खरंच, त्याचा दुसरा पियानो कॉन्चेर्टो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) नुकताच हातावेगळा झालेला, त्यामुळे हात सैल सुटलेला. पण सोनाटाची तिसरी मूव्हमेंट (भाग) नीट ऐका, अंदान्ते, म्हणजे संथ चालीतली. धून आधी एकटा पियानो वाजवतो, मेजर (उजळ) की मायनर (उदास) ठरतच नाही, मग चेलो तीच उचलतो आणि तिथून पुढे पियानो आपसूक मागे सरकतो. यात चेलो दबत असेल तर बरेचदा वाजवणाऱ्यांचा बॅलन्स गंडलेला असतो, लिहिणाऱ्याचा नाही (पियानोवाले रागावतील, रागावू देत).

आणि जर्मन संगीतकार ब्राम्सचा दुसरा चेलो सोनाटा, एफ मेजर, ओपस (रचना क्रमांक) ९९, त्याचा विषय इथे अजून कुणी काढलाच नाही? १८८६च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडला थूनमध्ये लिहिलेला, योआखिम क्वार्टेट या चार वादकांच्या गटातल्या चेलोवादक रॉबर्ट हाउसमानसाठी. सुरुवातीलाच पियानोचा ट्रेमोलो (थरथरते, झरझर सूर) घुमत असतो आणि चेलो त्याच्यावरून तुटक तुटक आरोळ्या ठोकतो. दुसऱ्या मूव्हमेंटच्या सुरुवातीला तर चेलो बो (गज) बाजूला ठेवून खर्जात नुसत्या तारा छेडतो, गाणं पियानोकडे. पहिला ई मायनरवालाच सगळे वाजवतात, मला हा जास्त आवडतो.