मदत हवी आहे: आरजीयूच्या (मूत्रमार्गात डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून फोटो काढतात ती तपासणी) आधी सुन्न करणारी जेली लावली तर फोटो बिघडतो का?

बाबा 64 वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांचं प्रोस्टेटचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. गेले चार महिने लघवीची धार अगदी बारीक झालीय, कुंथावं लागतं, रात्री पाच-सहा वेळा उठतात. युरॉलॉजिस्टना मूत्रमार्ग आक्रसल्याची (स्ट्रिक्चरची) शंका आहे, म्हणून आरजीयू सांगितला.

मागच्या आठवड्यात एका सेंटरवर केला. जेली न लावताच कॅथेटरचं टोक आत घातलं, फुगा फुगवला आणि डाय सोडली. बाबा एरवी दुखणं बोलून दाखवत नाहीत. त्या दिवशी दाराबाहेर मला त्यांचा आवाज आला. एवढं सोसून रिपोर्ट काय, तर पुढचा मार्ग भरला, मागच्या भागात डाय पोचलीच नाही. तिथे स्ट्रिक्चर आहे की दुखल्यामुळे स्नायू आवळला ते सांगता येत नाही, पुन्हा करा.

मी विचारलं, आता तरी जेली लावाल ना? तर म्हणाले, जेलीमुळे बुडबुडे येतात, ते फोटोत खड्यासारखे दिसतात, शिवाय कॅथेटर निसटतो. हे खरं आहे का? 2 टक्के लिग्नोकेनची जेली कॅथेटर घालताना सगळीकडे वापरतात, मग इथेच का नको? बाबा आता "राहू दे, आहे तसं चालेल" म्हणतात. त्यांना पुन्हा तसंच टेबलावर झोपवायला माझं मन धजत नाही, आणि तिसऱ्यांदा करायची वेळही नको.

प्रतिसाद:
मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे. दोन्ही अडचणी खऱ्या आहेत, पण सांभाळता येतात. जेली हळूहळू सोडून पाच-दहा मिनिटं थांबायचं, हे थांबणंच बहुतेक वेळा राहून जातं. मग बाहेरची जेली पुसून घ्यायची, म्हणजे पकड राहते. सिरिंज आणि कॅथेटरमधली हवा आधी काढायची. तरी बुडबुडा दिसलाच तर कूस बदलून दुसरा फोटो घेतात: बुडबुडा सरकतो, स्ट्रिक्चर जागचं हलत नाही. डाय सावकाश सोडली आणि तेव्हा बाबांना लघवी करतोय असं अंग सैल सोडायला सांगितलं, तर तो स्नायूही ढिला पडतो. सोनोग्राफीने मूत्रमार्ग बघतात तेव्हा तर कित्येक ठिकाणी हीच जेली भरून बघतात, पण त्यात पुढचाच भाग नीट दिसतो. सुन्न करायच्या औषधाची ॲलर्जी असेल किंवा हृदयाच्या ठोक्यांसाठी गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. लघवीत इन्फेक्शन असेल तर ते बरं होईपर्यंत थांबा.

धागाकर्ता:
मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. ॲलर्जी नाही, ठोक्यांच्या गोळ्याही नाहीत. लघवीची तपासणी उद्या करतो. जेलीचं डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घेतो. बाबांनी एकच विचारलंय, आत मी त्यांच्याजवळ थांबू शकतो का? लेड ॲप्रन घालून नातेवाइकाला थांबू देतात का?